स्वयंपाकघराच्या दारातून टीव्ही कसा दिसतो

आमच्या दुकानाच्या टीव्ही विभागात फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. प्रत्येक टीव्हीसमोर एक, साधारण सहा फुटांवर. गिऱ्हाईक आत आलं की आमचे फ्लोअर मॅनेजर रफिकभाई त्याला गोड बोलत त्या पट्टीवर आणून उभं करतात, आणि मगच रिमोट हातात घेतात. लोकांना वाटतं, पट्टी गर्दी आवरण्यासाठी असेल, किंवा मुलांनी पडद्याला हात लावू नये म्हणून. पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं होतं. पट्टीचं खरं काम कळलं तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. मी सहसा कुणाला काही सांगत नाही. या धंद्यातला हा माझा मोठा दोष आहे असं सगळ्यांचं मत आहे, आणि ते खोटं नाही.

या अंकाच्या संपादक बाई गेल्या वर्षी आमच्याकडे टीव्ही घ्यायला आल्या होत्या. दीड तासात मी त्यांना तीन प्रश्न विचारले आणि एका टीव्हीकडे बोट दाखवलं. जाताना त्या म्हणाल्या, ‘‘तू बोलत नाहीस ना, मग लिहून दे.’’ माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठीत शेवटचा निबंध मी दहावीत लिहिला. त्यामुळे वाचकांनी सांभाळून घ्यावं. माझ्या घराबद्दल इथे काही सापडणार नाही. टीव्हीबद्दल सगळं सांगते.

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी या दुकानात आले त्याला पाच वर्षं होतील. मुलाखतीत शेठनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बोलता येतं ना?’’ मी मान हलवली. त्यांनी तो होकार धरला आणि दुसऱ्या दिवशी मला सगळ्यात महागड्या टीव्हीपाशी उभं केलं. इंग्रजी येणारी मुलगी महाग मालाशेजारी शोभते, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्याच आठवड्यात माढ्याकडचे दोन शेतकरी आले. त्यांनी विचारलं, हा एवढा महाग का? मी एका दमात सांगितलं, ‘‘हा ओएलईडी आहे. ऑर्गॅनिक लाइट एमिटिंग डायोड.’’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

‘‘ऑर्गॅनिक? म्हंजी औषध न मारता केल्याला?’’ पहिल्याने विचारलं.

‘‘मग म्हागच असनार की,’’ दुसरा गंभीरपणे म्हणाला. ‘‘उतारा कमी पडत आसंल.’’

रफिकभाई हसू आवरायला फ्रिजच्या खोक्यांमागे गेले. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी मला कळलं की मला जे येत होतं ते इंग्रजीत येत होतं, आणि सोलापुरात त्याचा उपयोग नव्हता.

ते मराठीत कसं सांगायचं, हे मला एका रंगाऱ्याने शिकवलं. नरसय्यामामा. चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नखांच्या कडा अजून निळसर. दुकानात आले की ते टीव्हीवरचं चित्र बघत नसत, चित्रातला काळा रंग बघत. एक दिवस त्यांनी पिशवीतून काळ्या सुताची लडी काढली आणि स्वस्त टीव्हीच्या पडद्याला लावून धरली.

‘‘ह्यो काळा कच्चा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘दोन धुन्यात राखाडी व्हनार.’’

मी त्यांना काळ्या खोलीत नेलं. ओएलईडी टीव्ही दाखवण्यासाठी शेठनी प्लायवूडची एक छोटी खोली करून घेतली होती. दाराला जाड पडदा, आत काळं कापड, दोन माणसांचा सोफा, समोर तो एक टीव्ही. त्यावर दिवसभर एकच चित्रफीत फिरायची, काळ्याभोर पाण्यातून जाणारा एक नारिंगी मासा. मामांनी लडी लावली. अंधारात लडीच दिसेना. मग त्यांनी मला दाराचा पडदा बाजूला करायला लावला, लडी बघितली, टीव्ही बघितला, पुन्हा लडी बघितली.

‘‘ह्यो पक्का,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘कोन रंगवलं ह्ये?’’

म्हणून मी त्यांना सांगायला लागले, आणि सांगता सांगता मलाच नीट कळलं. ज्याला सगळे एलईडी म्हणतात तो टीव्ही मुळात एलसीडीच असतो. त्याच्या पडद्यामागे दिवे असतात आणि ते सतत जळत असतात. दिव्यांपुढे लाखो बारीक झडपा. पांढरं हवं तिथली झडप उघडते, काळं हवं तिथली मिटते. पण मिटलेल्या झडपेतूनही थोडा उजेड गळतो, म्हणून काळं हे राखाडी दिसतं. ओएलईडीत मागे दिवेच नसतात. प्रत्येक ठिपका स्वतःच एक दिवा. काळं हवं तिथला दिवा सरळ विझतो.

‘‘म्हंजी रंग न्हाईच,’’ मामा म्हणाले. ‘‘नुस्ता इझवलाय.’’ त्यांना जरा वाईट वाटलं असावं. पण त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा ते यायचे, काळ्या खोलीत दहा मिनिटं बसायचे आणि जायचे. रफिकभाईंनी एकदा विचारलं, ‘‘मामू, लेना है क्या?’’ मामा म्हणाले, ‘‘घ्यायला कशाला पायजे? हितं हाय की.’’

मलाही ती खोली आवडायची. तिथे अंधार असतो. बोलताना माझा चेहरा कुणाला दिसत नाही. बाहेर ट्यूबलाइटखाली मला चार वाक्यं बोलायला जो त्रास व्हायचा तो आत व्हायचा नाही. माझ्यासाठी ती खोली म्हणजे नोकरीतली एकमेव सुखाची जागा होती, आणि ती टिकणार की नाही हे पुढे त्या टीव्हीवरच ठरणार होतं.

त्याआधी पट्टीबद्दल. एलसीडीच्या त्या झडपांमधून समोरून बघितलं तर चित्र नीट दिसतं. बाजूने बघितलं की उजेड तिरका येतो आणि रंग उडतात. सगळ्या एलसीडींचं असं होत नाही, पण आमच्याकडे ज्या स्वस्त टीव्हींचा ढीग असायचा त्यांचं हमखास व्हायचं. पट्टीवरून चेहरा गव्हाळ, पट्टी सोडून चार पावलं डावीकडे गेलात की तोच चेहरा पीठ फासल्यासारखा. आमचं दुकान चालतं ते स्वस्त टीव्हीवर. म्हणून पट्टी. यात खोटं काहीच नाही, गिऱ्हाईक नुसतं योग्य जागी उभं असतं.

आता जे सांगायला मला आवडत नाही ते सांगते.

माझ्या पहिल्या वर्षी एका खानावळीचे मालक चार मित्रांना घेऊन आले. मोठा आवाज, मोठं मन. खानावळीत लावायला त्यांना दुकानातला सगळ्यात भारी टीव्ही हवा होता. रफिकभाईंनी त्यांना काळ्या खोलीत बसवलं. मालकांनी विचारलं, ‘‘दिवसभर बातम्या लावून ठेवतो आपण. गिऱ्हाइकाला जेवताना बरं वाटतं. चालंल ना?’’ आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी सांगा.’’

मला माहीत होतं. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका हा दिवा असतो आणि दिवा वापरून दमतो. पडद्याच्या एकाच जागी रोज बारा बारा तास बातम्यांखालची तीच लाल पट्टी आणि वाहिनीचं तेच चिन्ह राहिलं की तिथले दिवे इतरांच्या आधी दमतात, आणि त्या पट्टीची छाया कायमची उमटून राहते. हे मी कॉलेजात शिकले होते. वाक्यसुद्धा तयार होतं. पण रफिकभाई बघत होते, मालकांचे चार मित्र बघत होते, आणि दाराचा पडदा कुणीतरी उघडा ठेवला होता. मी म्हणाले, ‘‘हो.’’

नऊ महिन्यांनी ते मोबाइलवर फोटो घेऊन आले. सिनेमातला नायक रडतोय आणि त्याच्या छातीवरून बातम्यांची पट्टी गेलीय, पुसट, पण स्वच्छ. वॉरंटीत हे बसत नाही असं कंपनीने कळवलं. मालक ओरडले नाहीत. त्यांनी फक्त मला विचारलं, ‘‘तुमाला ठाव हुतं का?’’ मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. ते म्हणाले, ‘‘असू द्या,’’ आणि गेले. अजूनही मी त्या रस्त्याने गेले तर खानावळीच्या बाजूचा फुटपाथ टाळते.

त्यानंतर मी एक वही केली. गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न तिच्यात लिहिले, मराठीत. टीव्हीवर सगळ्यात जास्त काय चालतं? खोलीत उजेड कुठून येतो? आणि तिसरा, कोण कुठे बसतं? या तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण उत्तर देताना हाताने घर काढून दाखवतात. इथे दादा, इथे आजोबा, इथे पोरं खाली सतरंजीवर. आणि नेहमी एक माणूस राहून जातं. ‘‘आणि काकू?’’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘‘ती काय, सैपाकघराच्या दारातनं बघती.’’

आमच्याही घरी… असो.

माझी प्रश्नांची वही झाली, पण ओएलईडी जाईना. प्रश्न विचारून झाले की बहुतेकांना एलसीडीच बरा पडायचा. दिवसभर दार उघडं, उन्हाचा झोत हॉलमध्ये, पाच वर्षांच्या मुलाच्या हातात बॅट. अशा घरात स्वस्त टीव्ही मुकाट्याने काम करतो. मी तसं सांगायचे. रफिकभाई डोक्याला हात लावायचे. ‘‘बेटा, तू बात करती नहीं, और करती तो ऐसी करती!’’

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या महिनाभर आधी, शेठनी मला बोलावलं. काळी खोली फार जागा खाते, ते म्हणाले. पाडव्यापर्यंत त्या खोलीतून एक तरी ओएलईडी विकला गेला पाहिजे. नाहीतर प्लायवूड निघेल आणि मी मिक्सरच्या काउंटरला जाईन. मिक्सरच्या काउंटरला काय करावं लागतं, तर मिक्सर चालू करून त्याच्या आवाजावर ओरडत माहिती द्यावी लागते. तीही चटणी वाटत, कारण आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी कशी होते हे बघितल्याशिवाय कुणी मिक्सर घेत नाही. मला त्या रात्री झोप आली नाही.

पुढच्याच आठवड्यात भानुदासकाका आणि कलावतीकाकू आले.

वार चांगला निवडला होता त्यांनी. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या भागाचा पाण्याचा दिवस असेल त्या भागातलं गिऱ्हाईक त्या दिवशी घर सोडत नाही. त्या दिवशी अर्ध्या शहराचा पाण्याचा दिवस होता. दुकान रिकामं होतं. काका-काकू मात्र कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने आले होते. काका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. खिशात मेजर टेप, हातात घडी केलेला कागद. कागदावर त्यांच्या हॉलचा नकाशा, भिंतीची लांबी मिलिमीटरमध्ये. मला माणूस लगेच आवडला.

काकू त्यांच्या दोन पावलं मागे. पदर खांद्यावरून घेतलेला, एक शब्द नाही. मला त्याही आवडल्या.

रफिकभाईंनी काकांना पट्टीवर उभं केलं. त्रेचाळीस इंची स्वस्त एलसीडी चालू झाला. काकांनी हात मागे बांधून, मशीन तपासावी तसा तो बघितला. ‘‘बरा हाय की,’’ ते म्हणाले.

काकू पट्टीवर गेल्याच नव्हत्या. चार-पाच पावलांवर डाव्या हाताला एक खांब आहे, त्याला टेकून उभ्या होत्या.

‘‘हितनं पांढुरकं दिसतंय,’’ त्या म्हणाल्या. दुकानात आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

‘‘अरे काकी, उधर नक्को! इधर आव, इधर!’’ रफिकभाई लगबगीने पट्टी दाखवू लागले.

‘‘अगं, तू तितं कशाला उभी ऱ्हायलीस?’’ काकांनी विचारलं.

‘‘मी रोज तितनंच बघती की,’’ काकू म्हणाल्या.

काकांनी हातातला नकाशा उघडला. टीव्हीकडे तोंड केलं की स्वयंपाकघराचं दार डाव्या हाताच्या भिंतीत होतं. खांब बरोबर तिथेच यायचा. कुणी न सांगता काकूंनी आमच्या दुकानात त्यांच्या दाराची जागा शोधली होती. काका नकाशाकडे बघत राहिले. मग चालत खांबापाशी गेले, काकूंच्या शेजारी उभे राहिले आणि टीव्हीकडे बघितलं. त्या घरातला टीव्ही तिथून कसा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

‘‘आयला,’’ ते म्हणाले.

रफिकभाई कच्चे नव्हते. त्यांनी पट्टी सोडून दिली आणि माझ्याकडे डोळ्यांनी खूण केली. बाजूने बघायचंय? मग काळी खोली. मी पडदा उघडला. काकू आत गेल्या. काकांना मात्र आधी बाहेरचे सगळे टीव्ही खांबाच्या कोनातून तपासायचे होते. त्यांनी एकेक टीव्ही डावीकडून बघत आख्खा विभाग पालथा घातला. त्यात अर्धा तास गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू नाहीत. ते फ्रिजपर्यंत गेले, पंख्यांपर्यंत गेले, हाका मारल्या. शेवटी काळ्या खोलीत डोकावले.

काकू सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. चपला काढून, पाय वर घेऊन.

‘‘अगं, तू हितं? मी तिकडं मिक्सरपतूर हिंडून आलो!’’

‘‘थांबा की वाईच,’’ काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. ‘‘मासा चाललाय.’’

काका दारातच उभे राहिले. मासा बघितला. पडद्याच्या कडेला उभे होते तरी त्यांना तो तितकाच नारिंगी दिसत होता, पाणी तितकंच काळं. दोन मिनिटांनी त्यांनी मला हळूच विचारलं, ‘‘पोरी, ह्यो घेऊ का मग? म्हाग हाय, पण तिनं इतकी वरसं पांढुरकं बघितलंय.’’

माझ्या मागे रफिकभाईंचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तोच शब्द मी त्या खानावळीच्या मालकांना बोलले होते.

मी विचारलं, ‘‘काका, तुमच्याकडे टीव्हीवर सगळ्यात जास्त काय चालतं?’’

‘‘बातम्या. सकाळी सातला लावतो, रात्री निजायच्या येळंला बंद. आता रिटायर झालो, दुसरं काम काय?’’

मग मी सांगितलं. लाल पट्टीचं सांगितलं, दमलेल्या दिव्यांचं सांगितलं. एका खानावळीतल्या रडणाऱ्या नायकाचंही सांगितलं, आणि तेव्हा मला ठाऊक होतं हेही सांगितलं. अंधार होता, म्हणून जमलं. शेवटी म्हणाले, ‘‘तुमच्याकडे हा टिकणार नाही, काका. साधा घ्या. भिंतीवर फिरता हात बसवून मिळतो. टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवता येतो. काकूंना नीट दिसेल.’’

रफिकभाई बाहेर निघून गेले.

काका खूष झाले. फिरता हात! तो तर ते स्वतःच करणार होते, लोखंडाचा, बेअरिंग घालून. त्यांनी लगेच कागद उलटा करून आकृती काढायला घेतली. मला वाटलं, चला, निदान हे बरोबर केलं. मी काकूंकडे बघितलं.

काकू मान हलवत होत्या. नाही म्हणून.

‘‘फिरवनार कोन त्यो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी फिरवंल की,’’ काका म्हणाले.

‘‘आन् माझ्याकडं फिरवला की तुमी म्हननार, मला दिसंना. मग पुन्हा तुमच्याकडं. मी पोळपाटावरनं मान वर करस्तवर टीव्ही गेल्याला असनार.’’ काकूंनी पाय खाली घेतले, चपला शोधल्या. ‘‘टीव्ही फिरवू नका. मलाच हलवा.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘समोर आनखी एक खुर्ची ठिवा. राती आठ ते नऊ माझी शिरेल, तवा मी बसनार. हितं बसलीया तशी.’’

काकांना हे कळायला जरा वेळ लागला. ‘‘बस की,’’ ते म्हणाले, ‘‘कोन नगं म्हनलंय? पर भाकरी?’’

‘‘वर्कशॉपात जलमभर लोखंड तापवलं तुमी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तव्याला भिता व्हय?’’

मी खाली बघितलं, कारण मला हसू येत होतं. काका माझ्याकडे मदतीसाठी बघत होते. त्याबद्दल वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी त्रेचाळीस इंची स्वस्त एलसीडी घेतला. जाताना काकूंनी माझ्या हातावर पिशवीतली कडक भाकरी आणि चटणीची पुडी ठेवली, गाडीत खायला आणलेली. ‘‘तू कमी बोलतीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर बोलतीस.’’

पाडवा आला आणि गेला. ओएलईडी गेला नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आला, प्लायवूड निघालं, काळं कापड घडी करून माळ्यावर गेलं. टीव्ही बाहेर आणून रांगेच्या शेवटी, त्याच खांबाच्या जवळ लावला. सवयीने त्याच्यासमोरही पिवळी पट्टी चिकटवली गेली. नरसय्यामामा आले, ट्यूबलाइटच्या उजेडात त्या पडद्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते परत आले नाहीत. मला त्यांच्याबद्दल जास्त वाईट वाटलं, खोलीपेक्षा.

मी मिक्सरला गेले. पाच महिने शेंगदाणे, लसूण, तिखट. ओरडायला मी शिकले नाही. मी मिक्सर बंद करून बोलायचे, चालू करून गप्प बसायचे. गिऱ्हाइकांनाही ते बरं वाटायचं. पण अंगाला चटणीचा वास यायचा, आणि कोपऱ्यातून मला तो मासा दिसायचा, ट्यूबलाइटखाली विटलेला. रफिकभाई माझ्याशी तुसडेपणाने वागले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, ‘‘सच बोलना तो ठीक है बेटा, लेकिन इत्ता लंबा कायकू बोलना?’’ त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा जास्त बोलले म्हणून बोलणी खाल्ली होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमान वाटला.

एप्रिलमधली एक दुपार. बाहेर डांबर पातळ झालं होतं, दुकानात आम्हीच. दार ढकलून भानुदासकाका आत आले, डोक्याला टॉवेल, हातात तोच घडीचा कागद.

‘‘ती कमी बोलनारी पोरगी कुटं हाय?’’ त्यांनी दारातूनच विचारलं.

कुणीतरी मिक्सरकडे बोट दाखवलं. काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि वास घेतला. ‘‘लसूण जास्त झालाय,’’ ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. पूर्वी हे त्यांना कळलं नसतं.

‘‘काकू कशा आहेत?’’

‘‘तिला काय धाड भरलीय? बसली आसंल.’’ त्यांनी कागद काउंटरवर उलगडला. हॉलचा तोच नकाशा होता. टीव्हीसमोर आता दोन खुर्च्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक छोटा गोल काढला होता. गोलापासून टीव्हीपर्यंत एक रेघ, आणि रेघेवर कोन लिहिलेला. बावन्न अंश. पाच वर्षांत माझ्या तिसऱ्या प्रश्नाला मिळालेलं हे सगळ्यात अचूक उत्तर.

‘‘हा गोल म्हणजे?’’ मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

‘‘मी,’’ काका म्हणाले. ‘‘आठ ते नऊ. तवा दारापाशी घेतलाय, म्हनलं वाईच दिसंल तरी. तर समदं पांढुरकं दिसतंय गं. त्या शिरेलीतली सासू कुटली आन् सून कुटली ह्येच वळखंना. तिला इचारलं तर म्हनती, गप बसा, भाकरी करपंल.’’ त्यांनी टॉवेलने मान पुसली. ‘‘त्यो माशाचा टीव्ही हाय का अजून?’’

मी वहीतला पहिला प्रश्न विचारला. विचारावाच लागतो. ‘‘काका, दिवसभर बातम्या?’’

‘‘बातम्या सकाळी अर्धा तास. रिमोट तिच्याकडं हाय आता.’’

‘‘हॉलचं दार?’’

‘‘दुपारी लावून घेतो. उनाचं कोन बघतंय टीव्ही?’’

‘‘आणि दिवाळीतला टीव्ही?’’

‘‘त्यो जाईल पोराच्या खोलीत. एकटाच बघतो त्यो, समोरनं.’’

माझे प्रश्न संपले. मी मिक्सरचा प्लग काढला, हात पुसले आणि काकांना टीव्ही विभागात घेऊन गेले. रांगेच्या शेवटी मासा चालला होता. जाता जाता मी त्यांना सांगितलं की हा दिवसभर चालून दमलेला आहे, घ्यायचा तर खोक्यातला नवा घ्या, हा फक्त बघा. आणि बघताना डोक्यावरची ट्यूबलाइट मी विझवली.

रफिकभाई धावत आले. मोठं गिऱ्हाईक, मोठा टीव्ही. सवय ती सवय. त्यांनी हात पसरून फरशीवरची पिवळी पट्टी दाखवली. ‘‘आव काका, आव! इधर खडे रहो, एकदम सामने!’’

काका थांबलेसुद्धा नाहीत. पट्टी ओलांडून सरळ खांबापाशी गेले, त्याला टेकून उभे राहिले आणि नकाशातला कोन बरोबर जमला का ते मान तिरकी करून बघितलं.

‘‘तितं नगं,’’ ते म्हणाले. ‘‘तितं आता ती बसती.’’